एक्केचाळीस नंबरचं पाकीट

१

रविवारी दवाखान्याला सुट्टी असे. यमुताई दाण्यांना मात्र सुट्टी कधी मानवलीच नाही. घरी बसलं की मुलगा आणि सून आपल्याला चुकवून बोलतात असा त्यांना संशय होता, आणि खरं सांगायचं तर ते दोघं चुकवूनच बोलत. त्यामुळे मार्च १९७२ मधल्या त्या रविवारीही सकाळी आठच्या ठोक्याला त्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या छातीच्या दवाखान्यात हजर होत्या. बावीस वर्षं तिथे सिस्टर म्हणून काढलेली बाई. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर चष्मा, आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय असं आधीच धरून चालायची सवय.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बोर्ड बसायचं होतं. कामगार खात्याचे दोन डॉक्टर आणि एक साहेब येणार होते, ते धवल क्ले मिलच्या प्रकरणासाठी. उमरेड रस्त्यावरच्या या मिलमध्ये पांढरी माती दळून तिची मैद्यासारखी भुकटी करत. ती कागदाला लागते, रंगाला लागते, बायकांच्या तोंडाच्या पावडरीलाही लागते. मातीच ती, तिनं कोणाला काय होणार, असं सगळं शहर म्हणायचं. पण दोन वर्षांत तिथली तीन माणसं खोकून खोकून गेली. मिलवाले म्हणाले, क्षय होता, शिवाय बिड्या ओढायचे. डॉक्टर वसंत देशकरांनी मात्र कामगार खात्याच्या पायऱ्या झिजवल्या आणि मिलमधल्या चौदा माणसांचे एक्स-रे काढायची परवानगी मिळवली.

त्यातल्या तेरा फिल्मांवर कुठे पुसट सावली, कुठे तीही नाही. दोन डॉक्टरांना हवं तेवढं भांडता येईल इतपतच. चौदावी, एक्केचाळीस नंबरच्या बिल्ल्याची, नत्थू ढेंगरेची, तशी नव्हती. शुक्रवारी ती ओली असतानाच यमुताईंनी उजेडासमोर धरली होती. काळ्या पाटीवर कोणी मूठभर रवा उधळावा तसे दोन्ही फुफ्फुसांत पांढरे ठिपके होते. वर मानेजवळ थोडे ठळक ठिपके ओळीने दिसले, ते पाण्याचे थेंब असावेत म्हणून त्यांनी एक्स-रे काढणाऱ्या ताराचंदला नीट वाळवत जा म्हणून झापलंही होतं. डॉक्टर भंडाऱ्याच्या शिबिराला गेले होते, त्यांनी फिल्म अजून पाहिली नव्हती. पण ती एकटी फिल्म बोर्डाचं तोंड बंद करणार, हे यमुताईंना कळून चुकलं होतं.

त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. कुलूप शाबूत, चौदा पाकिटं जागच्या जागी, प्रत्येकाला आडवा-उभा दोरा बांधलेला. फक्त कप्प्यात लाल मुंग्या फिरत होत्या. "झाडणाऱ्याला सांगावं तरी किती," असं पुटपुटत त्यांनी एक्केचाळीस नंबर उचललं. दोरा काही केल्या सुटेना. शेवटी वैतागून कात्रीनं कापला.

पाकीट रिकामं होतं.

२

रात्रीच भंडाऱ्याहून परतलेले डॉक्टर देशकर स्कूटर टाकून धावत आले. रिकामं पाकीट त्यांनी तीनदा उलटं केलं, जणू चौथ्यांदा फिल्म पडेल.

"यमुताई, किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे. दुसरी किल्ली नाही."

डॉक्टरांनी त्यांच्या कंबरेच्या जुडग्याकडे पाहिलं. त्यांच्या त्या बघण्यानं यमुताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांत कापसाचा बोळा घरी नेला नाही, आणि आज हा कालचा पोरगा आपल्याकडे असा बघतोय!

"उद्या अकराच्या आत फिल्म टेबलावर ठेवते," त्या म्हणाल्या. "नाही ठेवली तर हा जुडगाही ठेवते."

मग त्या आपल्याच खुर्चीत बसल्या आणि शनिवार आठवू लागल्या. बाराला दहा कमी असताना त्यांनी चौदाही फिल्मा पाकिटात घालून, दोरा बांधून, वाळवणीच्या खोलीतल्या टेबलावर रचल्या होत्या. तेवढ्यात मिलचे लेबर ऑफिसर मनोहरराव फाटकाशी येऊन उभे राहिले, हातात संत्रा बर्फीचा डबा. त्यांना आत घ्यायचं नाही म्हणून यमुताई स्वतः फाटकापाशी गेल्या. माणूस बोलका, वीस मिनिटं सोडेना. ताराचंद डार्करूममध्ये होता. नत्थू ढेंगरे रिपोर्ट विचारायला आला होता, तो सायकलचं पंक्चर काढायला कोपऱ्यावर गेला होता. व्हरांड्याच्या बाकावर त्याची बायको खोकत बसली होती. यमुताई परत आल्या, बर्फीचा डबा तसाच ऑफिसच्या खिडकीत ठेवला, पाकिटांचा गठ्ठा उचलून कपाटात घातला, कुलूप लावलं.

गठ्ठा उचलला, पण उघडून कुठे पाहिला?

म्हणजे कुलूप कोणी फोडलंच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातानं रिकामं पाकीट कोंडून ठेवलं होतं. चोरी त्या वीस मिनिटांतली होती, आणि त्या वीस मिनिटांत इथे तीन पुरुष घुटमळत होते. तिघांपैकी एक खोटं बोलणार, आणि तो कोण हे त्यांना आजच शोधायचं होतं.

त्यांनी कापलेल्या दोऱ्याची गाठ पदराच्या टोकात बांधून ठेवली. पाकीट नाकाशी नेलं. कोपऱ्यावर काहीतरी चिकट, तपकिरी लागलं होतं. मुंग्या त्याच्यावरच आल्या होत्या.

बर्फी, त्यांच्या मनात आलं. बर्फी आणणारा माणूस तर ठाऊकच होता.

३

मनोहरराव महाल भागात राहायचे. बनियनवर बसून पेपर वाचत होते. सिस्टर दारात पाहून त्यांनी घाईघाईनं सदरा चढवला.

"या, या! बर्फी कशी होती?"

"तुम्हाला ठाऊक. तुम्हीच उघडून खाल्ली असेल ना वाटेत?"

"छे हो! दुकानाचा कागदही काढला नाही." ते हसले. "सिस्टर, मी स्पष्ट बोलतो. उद्या बोर्डापुढे काही निघायचं नाही. आमची माणसं ठणठणीत आहेत. चौदा नावांची लिस्ट मी स्वतः करून दिली, एकेक माणूस निवडून."

"निवडून?"

"म्हणजे, जुनी माणसं. अनुभवी." ते जरा चपापले. "आणि खोकला म्हणाल तर बिडी! पुरुष बिडी ओढतात, तुम्ही खापर मातीवर फोडता. आम्ही तर सुट्टीच्या वेळी बिल्लेवाल्या प्रत्येकाला गुळाचा खडा देतो. गुळानं घशातली धूळ खाली उतरते. एवढी काळजी कोण घेतं?"

यमुताईंनी बावीस वर्षांत फुफ्फुसात शिरलेला गूळ कधी पाहिला नव्हता.

"फिल्म नंबर एक्केचाळीस," त्या एकदम म्हणाल्या.

मनोहररावांचा चेहरा कोराच राहिला. "नत्थू? त्याचं काय? तो तर बैल आहे बैल. पोती उचलतो." मग त्यांनी कपाटातून एक लहान पांढरी पिशवी काढली. "हे घ्या. आमची सगळ्यात बारीक माती. सूनबाईंना तोंडाला लावायला द्या, कांती बघा कशी येते. विषारी असती तर घरी ठेवली असती का?"

यमुताईंनी पिशवी झोळ्यात टाकली. बाहेर पडताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा माणूस लबाड आहे, पण फिल्म नाहीशी झाल्याचं याला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर 'नत्थू' म्हणताना त्याचा आवाज जरा तरी हलला असता. शिवाय ती वीस मिनिटं तो त्यांच्याच नाकासमोर बोलत उभा होता.

दवाखान्यात परतल्यावर त्यांनी खिडकीतला डबा तपासला. दुकानाचा कागद, वरचा सोनेरी दोरा, सगळं जसंच्या तसं. एक मुंगी नव्हती त्याच्यावर.

म्हणजे कपाटातल्या मुंग्या बर्फीच्या नव्हत्या.

४

ताराचंद डार्करूमच्या दाराशी उभा होता. रविवारी त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"काहून आलास रे?" यमुताईंनी विचारलं. चिडल्या की त्यांच्या तोंडीही नागपूर यायचं.

"असंच, ताई. औषधं पाहून राहिलो होतो. डेव्हलपरची."

"एक्केचाळीस नंबरची फिल्म गेली."

ताराचंदचं तोंड पिठासारखं झालं. "मी नाही घेतली, ताई. देवाची शपथ."

"तू घेतलीस असं मी म्हटलं का?"

"नाही, पण..."

"फोटो काढताना कोण उभं होतं यंत्रापुढं?"

इतका साधा प्रश्न, पण ताराचंदनं उत्तराआधी दाराकडे पाहिलं. "नत्थू. दुसरं कोण राहीन? बिल्ला त्याचाच होता. मी शिशाचे आकडे लावले, चार अन् एक. पाठ माह्याकडं राह्यते, ताई. तोंड कोण पाह्यते?"

तोंड पाहिलं नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. यमुताईंनी ते वाक्य मनाच्या कोपऱ्यात ठेवलं. शनिवारी एक वाजता ताराचंद सायकलवर रिकाम्या हातानं गेला होता, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. एक्स-रेची फिल्म म्हणजे हातभर कडक पत्रा. घडी पडत नाही, सदऱ्यात मावत नाही. आणि त्या वीस मिनिटांत फाटकात तर त्या स्वतःच उभ्या होत्या.

मग फिल्म बाहेर गेली कुठून? की गेलीच नाही?

"घरी जा," त्या ताराचंदला म्हणाल्या. "आणि उद्या दहाला ये. नाही आलास तर पोलीस आणतील."

तो गेला. पोलिसांचं नाव ऐकूनही तो घाबरला नाही, उलट पुढचे प्रश्न टळले म्हणून त्याला हायसं वाटल्यासारखं झालं, आणि यमुताईंचा संशय आणखी वाढला.

५

नत्थू ढेंगरेचं घर तलावाच्या पलीकडच्या वस्तीत होतं. यमुताई पोचल्या तेव्हा तो कोंड्याचं भलंमोठं पोतं डोक्यावर घेऊन चढ चढत होता.

"या ना सिस्टरबाई! उन्हाचं कायले आल्या? निरोप पाठवला असता तं मीच आलो असतो, बसा, पाणी आणतो, ए गोपिके, पाट टाक वं बाईले बसाले!"

यमुताईंना एक खोड होती. दुसऱ्या बायका समोरच्या बाईचे दागिने मोजतात, त्या समोरच्याचा श्वास मोजत. एका दमात माणूस किती शब्द बोलतो यावरून त्या फुफ्फुसाचा अंदाज बांधत आणि डॉक्टर फिल्म पाहून तेच सांगत. नत्थूनं डोक्यावर ओझं घेऊन, चढ चढून, एका दमात वीसच्या वर शब्द टाकले होते. रवा उधळलेल्या फुफ्फुसाचा माणूस पाच शब्दांवर थांबतो.

"तुझी फिल्म हरवली, नत्थू."

तो दचकला. मग हळूच म्हणाला, "हरवली? मंग... बरंच झालं म्हणा."

"बरं काहून झालं?"

"शुक्रवारी गेटावर सांगतलं ना मनोहरराव साहेबानं. ज्याच्या फोटोत डाग निघन, त्याले दुसऱ्या दिवशी कामावर घेनार नाही. लेकरं दोन हायेत, बाई. काम गेलं तं खावाचं काय?"

म्हणजे कारणही होतं. संधीही होती, पंक्चर काढायला तो गेला की नाही हे कोणी पाहिलं होतं? यमुताईंना वाटलं, सापडला. पण त्या श्वासाचं काय?

तेवढ्यात आतून गोपिका पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिशीच्या आतबाहेरची, पण अंगावर मांस म्हणून नव्हतं. चुलीपासून ओट्यापर्यंत आठ पावलं. त्यात ती दोनदा भिंतीला हात लावून थांबली. गळ्यात काळ्या मण्यांची पोत तेवढी चमकत होती. तांब्या ठेवून ती खाली बसली, नत्थूनं सदऱ्याच्या खिशातून गुळाचा खडा काढून न बोलता तिच्या हातावर ठेवला. तिनं त्यातला थोडा तोंडात टाकला, उरलेला तुकडा पदराच्या टोकात बांधला.

"बिल्ल्यावर भेटते रोज," नत्थू म्हणाला. "मले काय करायचा? मी भायेर हवेत पोती चढवतो. हिलेच खोकला राह्यते."

यमुताईंनी पाण्याचा घोट घेतला. मग तांब्या खाली ठेवला.

शनिवारी तिथे नुसते तीन पुरुष घुटमळत नव्हते. व्हरांड्यात एक बाईही होती. तिला त्यांनी मोजलंच नव्हतं.

६

त्या परत दवाखान्यात आल्या तेव्हा दोन वाजले होते. पोटात अन्न नव्हतं. त्यांनी झोळ्यातून मनोहररावांची पिशवी काढली आणि तिचा दोरा ओढला. सुटेना. जितका ओढावा तितकी गाठ आवळत होती. हात कात्रीकडे गेला आणि तिथेच थबकला.

सकाळी हीच कात्री, आणि हाच वैताग.

त्यांनी पदरातली कापलेली गाठ सोडून पिशवीच्या गाठीशेजारी धरली. यमुताई स्वतः आयुष्यभर सुरगाठ मारत आल्या, एका झटक्यात सुटणारी. ही ना सुरगाठ होती ना निरगाठ. दोन वेढे, शेपूट वेढ्याखालून काढून उलटं खोवलेलं. दोन्ही गाठी एका हातच्या नसल्या तरी एका शाळेतल्या होत्या. शाळा म्हणजे मिलची चाळणीची खोली, जिथे भुकटी चाळून, भरून, बांधून बाहेर येते. नत्थू पोती नुसती उचलतो. बांधतं दुसरं कोणीतरी, आणि गोपिकाचा खोकला त्याच खोलीतला होता.

मग सगळं आपसूक जुळत गेलं. चिकट डाग गुळाचा. गूळ बायकोच्या पदरात. ताराचंदनं तोंड पाहिलं नाही, कारण त्याला ते पाहायचं नव्हतं. आणि फिल्मवर मानेजवळ ओळीने दिसलेले ते पाण्याचे थेंब? नवरा जिवंत असताना बाईला पोत काढायला सांगितलं तर ती काढेल का? काचेचे मणी होते ते. नत्थूच्या बिल्ल्यावर त्याची बायको यंत्रापुढे उभी राहिली होती.

उरला एकच प्रश्न. हातभर कडक फिल्म, फाटकात सिस्टर आणि साहेब, दम लागलेली बाई. ती फार लांब जाणं शक्य नव्हतं.

यमुताई व्हरांड्यात त्या बाकावर जाऊन बसल्या, अगदी गोपिका बसली होती तिथे. समोर भिंतीवर काच लावलेली मोठी तसबीर टांगली होती, 'क्षयरोग बरा होतो' असं लिहिलेली. खिळ्यावरून पुढे झुकलेली. फरशीपासून तिच्यापर्यंत लाल मुंग्यांची एक बारीक ओळ भिंत चढत होती.

त्यांनी टाचा उंचावून तसबिरीमागे हात घातला. बोटांना गुळगुळीत, थंड कडा लागली.

७

सोमवारी दहा वाजता ताराचंद, नत्थू आणि गोपिका तिघंही डॉक्टरांच्या खोलीत उभे होते. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली होती. डॉक्टर देशकर तिच्याकडे बघत होते, आणि मग गोपिकाच्या गळ्याकडे.

"मीच उभं केलं," ताराचंद एकदम म्हणाला. "नत्थूनं हात जोडले. बायांची लिस्टच नव्हती, डॉक्टरसाहेब. ही पायरीवर खोकून खोकून निळी पडली होती. म्हणलं एका बिल्ल्यावर एक फोटो, कोणाचाही असो. नोकरी घ्या माही, पण मी चोरी नाही केली."

"चोरी मी केली," गोपिका म्हणाली. दोन-तीन शब्दांवर थांबत थांबत. "चार अन् एक... मले ओळखू येते. बिल्ला रोज मीच पुसतो. सगळ्या पाकिटायवर पाह्यला... आतला फोटो काढून घेतला. पाकीट पुन्हा बांधून ठेवलं. भायेर साहेब उभे होते... म्हणून तिथंच ठेवला."

"पण काहून वं?" नत्थू तिच्याकडे बघतच राहिला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"डाग माहे," ती म्हणाली. "अन् काम तुह्यं जाईन? काहून?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"ही नत्थूची म्हणून लावली तर बोर्ड त्याची छाती तपासेल," ते शेवटी म्हणाले, "आणि ती निघेल घंटेसारखी खणखणीत. आपण खोटे ठरू, चौदाही फिल्मा खोट्या ठरतील. नाही लावली, तर हातात काहीच नाही. मनोहररावांनी मुद्दाम बाहेर काम करणारी माणसं पाठवली."

"डॉक्टर," यमुताई म्हणाल्या, "मिलवाल्यांचं म्हणणं काय? हे बिडीनं होतं. मग ही कुठे बिडी ओढते?" त्या गोपिकाकडे वळल्या. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला, इतका तो मऊ होता. "गोपिका, ही फिल्म तुझ्या नावानं लावू का? तुझं नाव बाहेर येईल. ते म्हणतील ही आमची नाहीच. कदाचित तुमचं दोघांचंही काम जाईल. नको म्हणालीस तर मी ही आत्ता कापून टाकते, आणि कोणाला कळणार नाही."

गोपिका पेटीजवळ जाऊन फिल्मकडे बघत राहिली. स्वतःच्या आत काय आहे ते तिनं उजेडासमोर पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"आतमंधी नऊ जणी आहोत आम्ही," ती म्हणाली. "शामला तं अठराची हाय. लावा माह्या नावानं."

८

बोर्डापुढे मनोहरराव इस्त्रीच्या कोटात आले होते. तेरा फिल्मा एकामागून एक पेटीवर लागल्या आणि ते प्रत्येक वेळी समजुतीनं मान हलवत होते. मग यमुताईंनी चौदावी लावली. बोर्डाचे वयस्क डॉक्टर खुर्चीतून उठून पेटीजवळ गेले.

"कोणाची?"

"गोपिका नत्थू ढेंगरे," डॉक्टर देशकर म्हणाले. "चाळणीच्या खोलीत दहा वर्षं. ताराचंदनं बिल्ला नवऱ्याचा लावला, ती चूक आम्ही लेखी दिली आहे. बाई समोर बसली आहे, तपासून घ्या."

मनोहरराव उभे राहिले. "सरासर झूठ! आमच्याकडे धुळीत एकही बाई नाही. ही बाई मी कधी पाहिलेलीच नाही."

वयस्क डॉक्टरांनी नळी लावून गोपिकाची पाठ तपासली, मग विचारलं, "बाई, बिडी ओढता?"

गोपिकाला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत खोलीत कोणाला दुसरं काही करता आलं नाही.

"मिलचं म्हणणं आहे ही बाई त्यांची नाही," बोर्डाचे साहेब म्हणाले. "पुरावा?"

यमुताईंनी झोळ्यातून पांढरी पिशवी काढून टेबलावर ठेवली. "ही मनोहररावांनी काल स्वतःच्या हातानं मला दिली. त्यांच्या मिलची सगळ्यात बारीक माती. विचारा, त्यांचीच ना?"

"आमचीच," मनोहरराव गोंधळून म्हणाले. "त्याचं काय?"

"साहेब, जरा गाठ सोडून दाखवा."

साहेबांनी ओढली. वयस्क डॉक्टरांनी ओढली. मनोहररावांनीही ओढून पाहिली, कपाळाला घाम आला. गाठ आवळतच गेली. मग यमुताईंनी पिशवी गोपिकापुढे सरकवली. तिनं शेपटाला नखानं उलटा धक्का दिला आणि दोरा गळून पडला. तोच दोरा तिनं पुन्हा फिरवला, दोन वेढे, एक खोवणं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तशीच गाठ तयार. टेबलावर उडालेली थोडी भुकटी पाहून तिनं सवयीनं पदर तोंडाला लावला.

"आता सांगा मनोहरराव," यमुताई म्हणाल्या, "बाई धुळीत नव्हती, तर ही गाठ तिला शिकवली कोणी?"

साहेबांनी टाक उचलला. चाळणीच्या खोलीतल्या नऊही बायकांचे एक्स-रे आठवड्याच्या आत काढावेत, कोणालाही, गोपिकाच्या नवऱ्यालाही, कामावरून काढू नये, असं त्यांनी तिथल्या तिथे लिहून मनोहररावांची सही घेतली.

सगळे गेल्यावर यमुताईंनी नवं पाकीट घेतलं. नंबराच्या जागी काय लिहावं ते त्यांना क्षणभर सुचेना, कारण तिला नंबरच नव्हता. मग त्यांनी ठळक अक्षरात तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि दोरा घेऊन बांधायला बसल्या.

"द्या इकडं," गोपिका म्हणाली. "तुमची गाठ सुटते, बाई."

नऊपैकी सहा जणींच्या फुफ्फुसांत तोच रवा निघाला. शामलाची फिल्म स्वच्छ होती. तिला त्या खोलीतून बाहेर काढलं. धूळ ओढून नेणारा पंखा दिवाळीच्या सुमारास बसला, चाळणीच्या डोक्यावरच. गोपिका त्याच्या दीड महिना आधीच गेली. यमुताई तिच्या घरी गेल्या आणि ओट्यावर बसून लहान पोरीसारख्या रडल्या, कारण त्या शनिवारी आपण तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, हे त्यांना कधी विसरता आलं नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा नव्या सिस्टरनं कपाट ताब्यात घेताना एक पाकीट पुढे केलं. "ताई, याचा दोरा सुटतच नाही. कापू का?"

"नको," यमुताई म्हणाल्या, आणि नखानं शेपटाला उलटा धक्का देऊन तिला शिकवायला बसल्या.